राज्य मार्ग ४९ : सुवर्णभूमीतील वनमार्गाची पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावरून ओकहर्स्टपासून विंटनपर्यंत सुमारे ४७५ किलोमीटर जाणारा राज्य मार्ग ४९ त्याच्या उत्तरेकडील टप्प्यासाठी विशेष ओळखला जातो. नेवाडा सिटी सोडल्यावर तो टाहो राष्ट्रीय वनात शिरतो आणि युबा नदीच्या उत्तर फाट्याच्या काठाने, डाउनीव्हिल व सिएरा सिटी या खाणकामातून उभ्या राहिलेल्या गावांमधून युबा खिंडीकडे चढत जातो. या वाटेवरचे दाट रान आदिम भासत असले, तरी त्याचा बराचसा भाग वृक्षतोडीनंतर पुन्हा वाढलेला आहे.

२४ जानेवारी १८४८ रोजी कोलोमा येथे जॉन सटर यांच्या लाकूड गिरणीच्या पाटात जेम्स मार्शल यांना सोन्याचे कण सापडले. त्यानंतरच्या काही वर्षांत सुमारे तीन लाख माणसे कॅलिफोर्नियात आली. मार्गाचा क्रमांकही १८४९ च्या लोंढ्याचीच आठवण आहे. ही भूमी निसेनान आणि मिवोक लोकांची होती. रोगराई, उपासमार आणि उघड हत्याकांडे यांमुळे कॅलिफोर्नियातील मूळ रहिवाशांची संख्या अंदाजे दीड लाखावरून १८७० च्या सुमारास तीस हजारांवर आली, आणि सुवर्णयुगाच्या वर्णनात हा भाग तळटीपेत ढकलला जाणे अन्यायाचे आहे.

नदीपात्रातील सहज मिळणारे सोने लवकरच संपले. १८५३ मध्ये नेवाडा सिटीजवळ नळीतून दाबाने सोडलेल्या पाण्याच्या झोताने टेकड्याच धुऊन काढण्याची पद्धत सुरू झाली. त्यासाठी मैलोन्‌मैल पाट खोदले गेले, लाकडासाठी जंगले तोडली गेली आणि सोने वेगळे करण्यासाठी पारा वापरला गेला. महामार्गापासून थोड्या आतल्या अंतरावरील मॅलाकॉफ डिगिन्स येथील उघडे, रंगीत कडे म्हणजे या उद्योगाने ठेवलेली जखमच आहे. वाहून आलेल्या गाळाने युबाचे पात्र उथळ झाले, शेतजमिनी गाडल्या गेल्या आणि मेरीसव्हिल शहराला पुरांनी ग्रासले. अखेर तेथील एका मालमत्ताधारकाच्या दाव्यावर १८८४ मध्ये न्यायमूर्ती लोरेन्झो सॉयर यांनी नद्यांत गाळ सोडण्यास मनाई केली. सोन्यापेक्षा नदी आणि शेती यांचा हक्क मोठा मानणारा हा निकाल अमेरिकेच्या पर्यावरणविषयक न्यायाच्या इतिहासात अग्रणी ठरतो.

भूगर्भातील खाणी त्यानंतरही चालू राहिल्या. ग्रास व्हॅलीची एम्पायर खाण १९५६ मध्ये बंद झाली. दरम्यान १८९९ पासून टाहो परिसरात राखीव वने घोषित होऊ लागली आणि उजाड उतारांवर झाडी परतली. गाळात मिसळलेला पारा मात्र युबाच्या खोऱ्यात अजूनही आढळतो.