वाटाण्याच्या वेलापासून कापडी ठिगळांपर्यंत: कोलाज आणि स्टॉप मोशन लघुपटांची पार्श्वभूमी

‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभं करायची वेळ आली तेव्हा दादासाहेब फाळक्यांनी लोकांपुढे ना कुठला नट उभा केला, ना कथानक वाचून दाखवलं. त्यांनी दाखवला वाटाण्याचा वेल. कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिनाभराहून अधिक काळ ठरावीक अंतराने ते चित्रण करत राहिले. दाण्याला मोड फुटण्यापासून वेल वर चढेपर्यंतची सगळी वाढ पडद्यावर जेमतेम मिनिटभरात उलगडली. ‘अंकुराची वाढ’ ही ती चित्रफीत. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमागृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तो त्यानंतर.

आज मोबाइल स्टँडला अडकवून टेबलावर मासिकातली कात्रणं सरकवत जो कोणी लघुपट करतो, तो याच जातीचं काम करत असतो. एक फोटो घ्यायचा, समोरची वस्तू किंचित सरकवायची, पुन्हा फोटो घ्यायचा. वाटाणा आपला आपण हलत होता, कागदाला हात लावावा लागतो, एवढाच फरक. या पद्धतीला स्टॉप मोशन म्हणतात. कापलेल्या सपाट आकृत्या हलवल्या तर ते कटआउट. निरनिराळ्या छापील चित्रांचे तुकडे एकत्र आणले की कोलाज. आणि जिवंत माणसालाच वस्तूसारखं एकेका फ्रेमने पुढे सरकवलं, तर पिक्सिलेशन.

या कलेचा मागोवा घेताना एक गोष्ट वारंवार समोर येते, आणि मला ती फार मोलाची वाटते. इथली मोठी माणसं बहुतेक वेळा सिनेमाच्या धंद्यातून आलेली नाहीत. ती आधी दुसरंच काही हाताने करत होती: छपाई, जादूचे प्रयोग, बाहुल्या, शिवणकाम. ते कसब घेऊनच ती कॅमेऱ्यापाशी आली.

फाळक्यांचंच बघा. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचं कलाभवन, मग छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यात नकाशे-आराखडे काढण्याची नोकरी, त्यानंतर शिळाछाप आणि ब्लॉक करण्याचा छापखाना, आणि जोडीला जादूचे प्रयोग. ‘फाळके’ उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादू दाखवत. वस्तू जागच्या जागी गायब करणं आणि कॅमेरा थांबवून तिची जागा बदलणं यांत फारसं अंतर नाही. पुढे त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या नाचवल्या, ‘लक्ष्मीचा गालिचा’मध्ये नाणी. पौराणिक चित्रपटांच्या धामधुमीत असले छोटे पट करायला त्यांना सवड कशी मिळे याचं नवल वाटतं. पण ज्याने छापखान्यात छपाईचे ठोकळे हाताळले, त्याला काड्यांची रांग मांडणं हा विसावाच असणार.

त्याच्याही आधी, १८९२ मध्ये, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली होती. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, ती पडद्यावर टाकणारे दिवे, आणि सोबत निवेदन, संवाद, गाणी. एकाच पात्राच्या वेगवेगळ्या अवस्था निरनिराळ्या काचांवर रंगवून त्या झटपट बदलल्या की पात्र हललं असा भास होई. लुमिएर बंधूंचा सिनेमा मुंबईत आला १८९६ च्या जुलैत. म्हणजे रंगवलेली आकृती पडद्यावर हलताना पाहायची सवय कल्याणकरांना चार वर्षं आधीच लागली होती.

युरोपात याच सुमाराला जे चाललं होतं त्यातही हीच हातांची अदलाबदल दिसते. जॉर्ज मेलिएस मूळचा पॅरिसमधला जादूगार. रस्त्यावर चित्रण करताना कॅमेरा क्षणभर अडकला आणि पडद्यावर घोडागाडीची एकदम शववाहिका झाली, हा १८९६ चा किस्सा तो स्वतः सांगत असे. लिथुआनियातल्या कौनास इथे संग्रहालयात काम करणाऱ्या स्तारेविचला भुंग्यांची झुंज टिपायची होती. पण प्रखर दिव्यांखाली भुंगे हालचालच करेनात. शेवटी त्याने मेलेल्या किड्यांना तारेचे आणि मेणाचे सांधे बसवले आणि एकेका फ्रेमने त्यांना लढवलं. १९१२ मधल्या त्याच्या पटात तर किड्यांचे संसार, प्रेमप्रकरणं आणि भांडणं आहेत.

लोटे रायनिगरपाशी मात्र जरा थांबायला हवं, कारण कागद कापून सिनेमा करणाऱ्या प्रत्येकाची पहिली गुरू तीच. बर्लिनची ही मुलगी लहानपणापासून कात्रीने काळ्या कागदाच्या छायाकृती कापायची. लुई हागेन नावाच्या बँकरने पॉट्सडॅममध्ये आपल्या गॅरेजवरची जागा तिला दिली. तिथे १९२३ ते १९२६ अशी तीन वर्षं खपून तिने राजपुत्र अहमदची पूर्ण लांबीची कथा उभी केली. आकृती काळ्या जाड कागदाची, काही भाग पातळ शिशाच्या पत्र्याचे. डोकं, दंड, कोपरापुढचा हात, मांडी, पोटरी असे सुटे तुकडे कापून बारीक तारेने जोडलेले. आकृती काचेच्या टेबलावर आडवी ठेवलेली, खालून प्रकाश आणि वरून कॅमेरा. शिसं कशाला, तर जड तुकडा काचेला चिकटून सपाट राहतो. कागद मात्र उबेने आणि हाताच्या घामाने वाकतो, आणि त्याची कड जराशी उचलली तरी सावली फुटते. आजही ज्याने टेबलावर कागदी पात्र हलवलंय त्याला ही अडचण लगेच कळेल. आता शिशाऐवजी चिकणमातीसारखा ब्लू टॅक लावतात, नाहीतर वर साधी काच दाबतात.

मराठी वाचकाला हे चित्र अगदीच परकं वाटायचं कारण नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या सपाट बाहुल्या पडद्यामागे दिवा लावून पिढ्यान् पिढ्या खेळवत आले आहेत. तिथे कलावंताचा हात खेळ संपेपर्यंत बाहुलीवरच असतो. रायनिगरला प्रत्येक फोटोच्या आधी हात काढून घ्यावा लागे. सगळा अभिनय त्या हात काढण्याच्या आणि पुन्हा घालण्याच्या मधल्या निर्णयात. किती सरकवू, एक मिलिमीटर की तीन?

थोडा हिशेब मांडला की ही पद्धत एकट्या-दुकट्याला का परवडते ते कळतं. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम लागतात. प्रत्येक चित्र दोनदा टिपलं तरी सेकंदाला १२ वेगळ्या स्थिती हव्यात, मिनिटाला ७२०. सेलवर, म्हणजे पारदर्शक पट्ट्यांवर, चितारलेल्या कार्टूनपटात यातली प्रत्येक स्थिती काढायची, गिरवायची आणि रंगवायची, म्हणून तिथे कारखाना लागतो. कटआउटमध्ये पात्र एकदाच कापायचं, पुढे फक्त हलवायचं. अर्जेंटिनात किरीनो क्रिस्तियानीने १९१७ मध्येच पुठ्ठ्याच्या आकृत्यांनी पूर्ण लांबीचा राजकीय व्यंगपट केला, तो याच काटकसरीमुळे शक्य झाला.

कोलाजला आणखी एक गोष्ट लागते: कापायला भरपूर छापील माल. पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ मध्ये चित्रात कागद चिकटवायला सुरुवात केली, त्यामागे रद्दीचे ढीग तयार करणारी शहरं होती. सिनेमात ही रीत फोफावली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. पोलंडमध्ये यान लेनित्सा आणि वालेरियान बोरोव्हचिक हे दोघेही पोस्टर करणारे. १९५७-५८ मध्ये त्यांनी जुने खोदकाम-ठसे, छायाचित्रं आणि कागदाचे कपटे एकत्र करून दोन लघुपट केले आणि पूर्व युरोपातल्या अ‍ॅनिमेशनची चालच बदलली. अमेरिकेत स्टॅन व्हॅनडरबीकने रंगीत मासिकं कापून अण्वस्त्रांच्या स्पर्धेवर टीका केली. त्याचं काम पाहिलेल्या टेरी गिलियमने १९६९ पासून बीबीसीवरच्या विनोदी मालिकेत व्हिक्टोरियन फोटो आणि अभिजात चित्रं कापून धमाल उडवून दिली. कार्यक्रमाच्या सुरुवातीला सगळं चिरडणारा तो प्रचंड पाय ब्रोंझिनोच्या सोळाव्या शतकातल्या चित्रातून उचललेला आहे. कोलाजचं बळ इथेच असतं. तुकडा आपलं मूळ घर विसरत नाही, आणि नव्या जागी तो त्या घराची आठवण घेऊनच वागतो.

भारतात फाळक्यांनंतर या प्रकारात मोठी पोकळी आहे. ती भरली सरकारी खात्याने, आणि हे श्रेय मोकळेपणाने दिलं पाहिजे. १९४८ मध्ये मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं, १९५६ मध्ये तिथे कार्टून फिल्म युनिट उभं राहिलं. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स तिथल्या मुलांना शिकवायला आले. राम मोहन त्याच पहिल्या तुकडीतले. सिनेमागृहांना परवान्याच्या अटीनुसार मुख्य चित्रपटाआधी डिव्हिजनचे पट दाखवावेच लागत. त्यामुळे तिकीट विकण्याची चिंता नसलेली आणि प्रेक्षक मात्र देशभर, अशी दुर्मीळ सोय तयार झाली.

त्या सोयीचा उपयोग करणारी दोन माणसं. जां भावनगरी हे मुंबईत जन्मलेले, पॅरिसमध्ये राहिलेले, कुंभारकाम करणारे आणि, पुन्हा एकदा, जादूगार. १९६० च्या दशकाच्या मध्याला ते डिव्हिजनमध्ये परतले तेव्हा त्यांनी प्रयोग करू पाहणाऱ्यांना पाठबळ दिलं. त्यांतले सर्वांत धाडसी प्रमोद पती. ओडिशात जन्मलेल्या पतींनी प्रागला जाऊन यिरी त्रन्का या बाहुलीपटांच्या उस्तादाकडे शिक्षण घेतलं होतं. १९६८ च्या ‘एक्सप्लोरर’मध्ये नाचणारी तरुण मुलं, देवादिकांच्या प्रतिमा आणि यंत्रं इतक्या वेगाने एकमेकांवर आदळतात की डोळ्यांना दम लागतो. त्याला विजय राघव राव या बासरीवादकाचं संगीत आहे. कुटुंबनियोजनासारखा रुक्ष सरकारी विषयही पतींनी पिक्सिलेशनमधून हाताळला. ‘आबिद’ तर चित्रकार आबिद सुरतींवरचा माहितीपट. पण माहिती सांगणारा धीरगंभीर आवाज त्यात नाही. सुरती एका खोलीत आहेत, भिंतींवर रंग चढत जातो, आणि ते स्वतः चालण्याऐवजी एका जागेवरून दुसऱ्या जागी टपकतात. चित्रकार आणि चित्र एकाच नियमाने हलतात. नॉर्मन मॅकलॅरेनने कॅनडात १९५२ मध्ये ‘नेबर्स’मधून पिक्सिलेशन जगापुढे ठेवलं होतं, पण पतींचा गोंगाट, रंग आणि उतावीळपणा अस्सल मुंबईचा आहे. १९७५ मध्ये ऐन चाळिशीत ते गेले. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लघुपट महोत्सवात त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो, पण त्यांचे पट आजच्या किती विद्यार्थ्यांनी पाहिलेत याची मला शंका आहे.

सरकारी खात्याबाहेर, चित्रकार अकबर पदमसी यांनी १९७० च्या सुमारास मुंबईत चित्रकार आणि सिनेमावाल्यांची एकत्र कार्यशाळा चालवली. राम मोहन यांच्या साथीने त्यांनी हजारच्या घरात रेखाटनं फ्रेम-फ्रेमने टिपून ‘सिझिजी’ हा सुमारे अकरा मिनिटांचा मूकपट केला. त्यांच्या दुसऱ्या पटाची एकुलती एक प्रत हरवली.

कापड या कलेत आणलं नीना सबनानी यांनी. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत शिकलेल्या आणि पुढे पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवणाऱ्या सबनानींनी २००५ मध्ये फाळणीत ताटातूट झालेल्या दोन मित्रांची गोष्ट सांगितली, ती ठिगळकामाच्या शैलीत. २००९ च्या ‘टांको बोले छे’मध्ये त्या आणखी पुढे गेल्या. १९७१ च्या युद्धानंतर सीमेपलीकडून आलेल्या आणि २००१ चा भूकंप पाहिलेल्या कच्छच्या कारागिरांनी आपलीच आयुष्यं कापडावर शिवली, आपल्या आवाजात सांगितली, आणि त्या शिवलेल्या आकृत्याच पडद्यावर हलतात. बाईच्या ओढणीची कड टाक्यांनी बनलेली दिसते, जमीन हादरते तेव्हा कापडच चुरगळल्यासारखं वाटतं. या पटात कोलाज ही नुसती शैली उरत नाही. विस्थापितांची आयुष्यं तुकड्यांचीच असतात, आणि ती जोडणारे हात त्यांचे स्वतःचेच आहेत. भारतातल्या या प्रकारच्या कामात मी याला सर्वांत वरचं स्थान देईन.

मातीकामाचा स्टॉप मोशन मुंबईत मुख्यतः जाहिरातींनी जगवला. त्याच कारखान्यात हात बसलेल्या सुरेश इरियत यांनी पुढे ‘टोकरी’ केला. सुमारे पंधरा मिनिटांच्या या पटाला कित्येक वर्षं लागली आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

टेबलावर वरून रोखलेला रोस्ट्रम कॅमेरा आणि ३५ मिलिमीटरची फिल्म गेली, तशी या कामातली सर्वांत मोठी भीतीही गेली. पूर्वी फिल्म धुऊन येईपर्यंत आकृती नीट हलली की नाही ते कळत नसे. आता ॲपमध्ये मागची फ्रेम पुसट दिसत राहते आणि सरकवण्याचं माप डोळ्यांसमोर असतं. तीन मिनिटांच्या पटाला सेकंदाला १२ च्या हिशेबाने २,१६० फोटो लागतात, ते साध्या फोनवर मावतात. जुन्या अडचणींपैकी एक मात्र तशीच आहे: उजेड. खिडकीतलं ऊन सरकलं किंवा कॅमेऱ्याने प्रकाशाचं माप आपोआप बदललं की चित्र लुकलुकायला लागतं. म्हणून पडदे ओढून, दोन दिवे पक्के बांधून, कॅमेऱ्याची आपोआप चालणारी सगळी मापं बंद करूनच काम सुरू करतात.

जतनाच्या बाबतीत मात्र आपण फार मागे आहोत. पटवर्धनांच्या रंगवलेल्या काचा त्यांच्या कुटुंबाने सांभाळल्या, म्हणून आज त्या पाहता येतात. फाळक्यांच्या आगकाड्यांची, नाण्यांची आणि त्या वाटाण्याच्या वेलाची फीत उरलेली नाही. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झालं, आणि पतींच्या पटांसह तिथला सगळा ठेवा आता तिकडे आहे. त्यातले कार्टून युनिटचे आणि प्रयोगशील लघुपट मराठी निवेदनासह, चांगल्या प्रतीत, शाळा-महाविद्यालयांना सहज मिळावेत, ही मागणी मराठी चित्रपट मंडळांनी एकत्र येऊन लावून धरायला हवी.