पार्श्वभूमी : गलाईची भट्टी आणि हवेतलं शिसं

शहरांच्या हवेबद्दल बोलताना आपण धुळीपाशी थांबतो. त्या धुळीत शिसं, कॅडमियम, निकेल, आर्सेनिक किती, हे क्वचितच कुणी विचारतं. सांगली जिल्ह्याने तरी ते विचारायला हवं. देशभरातल्या दाटीवाटीच्या सराफ बाजारांत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, ज्या भट्टीतून अशा विषारी धातूंचा धूर निघतो, तिच्यासमोर बसलेला माणूस पुष्कळदा खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळचा किंवा साताऱ्याच्या माण-खटावचा असतो.

या पट्ट्यातला पाऊस कायमचा बेभरवशाचा. शेतीवर भागेना म्हणून घरटी एखादा पोरगा गलाईच्या कामाला बाहेर पडला. तो स्थिरावला की त्याने भाऊ नेला, मग मेहुणा, मग गावातली आणखी दोन पोरं. केरळ, तमिळनाडूपासून उत्तर प्रदेश, बंगालपर्यंत ही माणसं पसरली. जुनी मोड, दागिन्यांचे तुकडे, सराफाच्या दुकानातली झाडलोटीची धूळ गाळून शुद्ध सोनं-चांदी काढून द्यायची, हा त्यांचा धंदा. विट्याच्या आसपास उभ्या राहिलेल्या कित्येक इमारतींत आणि देवळांच्या जीर्णोद्धारांत हाच पैसा आहे. त्या पैशामागचा धूर मात्र गावाने कधी पाहिला नाही.

चांदी शुद्ध करायची जुनी पद्धत शिशावरच चालते. राखेच्या खळग्यात अशुद्ध चांदी आणि शिसं एकत्र वितळवून वरून हवेचा झोत मारतात. शिशाचं मुरदाडशिंग (शिशाचं ऑक्साइड) होतं, ते तांबं आणि इतर हीण सोबत घेऊन राखेत मुरतं आणि मधोमध चांदी उरते. सगळं शिसं राखेत जात नाही, हीच अडचण आहे. शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, चांदीला ९६२ अंश लागतात. चांदी पातळ होईपर्यंत शिसं त्याच्या वितळण्याच्या जवळपास तिप्पट तापलेलं असतं, आणि त्यातलं बरंच धूर होऊन उडतं. तो धूर गार झाला की त्याचे अतिसूक्ष्म कण होतात, जे श्वासावाटे थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. नंतर ती राखही पुन्हा भट्टीत घालतात, मुरलेलं शिसं परत मिळवायला. म्हणजे पुन्हा धूर.

सोन्याची गोष्ट थोडी वेगळी. तिथे तेजाबाच्या पिवळ्या-तपकिरी वाफा असतात. शिवाय अनेक वर्षं सराफांच्या पाट्यांवर ‘केडीएम’ झळकत होतं, ते दागिन्याच्या जोडात कॅडमियम असल्यामुळे. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळतं. असे दागिने मोडीत येऊन मुशीत पडले, की सोनं वितळायच्या आधीच कॅडमियम हवेत गेलेलं असतं. ते फुप्फुसं आणि मूत्रपिंडं खराब करतं आणि त्याने कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे.

शहरांच्या हवेतल्या शिशाचा सर्वांत मोठा स्रोत मात्र पेट्रोल होता. टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाने इंजिनाची खडखड थांबते, हे १९२१ साली अमेरिकेत लक्षात आलं आणि दोन वर्षांत ते पेट्रोलमधून विकलं जाऊ लागलं. १९२४ मध्येच ते बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले होते, तरी जगाने ते पुढची अनेक दशकं जाळलं. भारतात १९९५ साली चार महानगरांत शिसेमुक्त पेट्रोल आलं आणि २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. रस्त्यावरचं शिसं त्यानंतर झपाट्याने उतरलं. अलीकडच्या काळातला हा आपला फार मोठा आरोग्यविजय आहे, आणि तो पुरेसा साजरा झालेला नाही.

भट्ट्यांचं शिसं मात्र राहिलं. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं आणि वर्षानुवर्षं रक्तात सोडत राहतं. पोटात कळा, रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब ही मोठ्यांची लक्षणं. लहान मुलांच्या मेंदूवर होणारा परिणाम भरून येत नाही. रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २००६ साली पश्चिम महाराष्ट्रातल्या बॅटरी कामगारांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात हिमोग्लोबिन तयार होण्याच्या क्रियेतच शिशाने अडथळा आणल्याचं दिसलं. गलाईवाला तर पुष्कळदा भट्टीच्याच खोलीत किंवा वरच्या माळ्यावर जेवतो, झोपतो. कुटुंब सोबत असेल तर कपड्यांवरून ते शिसं मुलांपर्यंत जातं.

नियम आहेत. हवेच्या गुणवत्तेच्या २००९ च्या राष्ट्रीय मानकांत शिशाची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे. आर्सेनिक आणि निकेलही त्या यादीत आहेत, कॅडमियम नाही. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात सांगलीचं नाव आहे, पण तिथे प्रगती मोजतात ती मुख्यतः पीएम १० या धुळीवरून. मुंबईत २०२४ साली महापालिकेने काळबादेवी भागातल्या सोन्या-चांदीच्या भट्ट्यांची धुराडी काढायला सुरुवात केली. शेजाऱ्यांच्या दृष्टीने ते योग्यच होतं. आत बसणाऱ्याचं काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही; धुराडं गेलं आणि भट्टी राहिली तर धूर खोलीतच कोंडतो.

ही माणसं जत्रेला, दिवाळीला, लग्नसराईत गावी येतात. त्या दिवसांत विटा आणि आटपाडीत रक्तातलं शिसं तपासण्याची सोय हवी, कामगारांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठीही. वेळीच कळलं तर भट्टीपासून दूर राहून आणि गरज पडल्यास औषधाने रक्तातलं शिसं उतरवता येतं.