घरच्या अंड्याचा खरा भाव

थंडी पडू लागली की अंड्यांचा भाव चढतो. राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचा दररोज जाहीर होणारा दर वर सरकू लागला, की कोल्हापूरच्या कसबा बावडा, फुलेवाडी किंवा उचगाव अशा भागांत, जिथे घरामागे अजून थोडे परडे शिल्लक आहे, तिथे दरवर्षी एक विचार हमखास निघतो : चार कोंबड्या पाळाव्यात, उरलेसुरले अन्न त्यांना घालावे आणि अंडी फुकट खावीत. हा विचार वाईट नाही, परंतु त्यातला हिशेब बहुधा चुकलेला असतो. तो नीट मांडायचा तर बाजारभावाच्या आधी कोंबडीच्या शरीराकडे पाहावे लागते.

पूर्ण वाढ झालेल्या, दीड किलो वजनाच्या कोंबडीला आपल्याकडच्या २७ अंशांच्या आसपासच्या हवेत केवळ जिवंत राहण्यासाठी, म्हणजे श्वासोच्छ्वास, रक्ताभिसरण, शरीराचे ४१ अंशांच्या आसपासचे तापमान आणि जुजबी हालचाल एवढ्यासाठी, दिवसाला साधारण १६० किलोकॅलरी ऊर्जा लागते. लेअर खाद्याच्या, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांसाठीच्या विकतच्या खाद्याच्या, एका किलोतून तिला सुमारे २६०० किलोकॅलरी मिळतात असे धरले, तर हे झाले ६२ ग्रॅम खाद्य. त्यानंतर ५५ ग्रॅम वजनाचे एक अंडे घडवण्यासाठी तिला आणखी ११५ किलोकॅलरी, म्हणजे जेमतेम ४४ ग्रॅम खाद्य लागते. हे ६२ ग्रॅम दुकानाच्या भाड्यासारखे असतात. दुकानात विक्री होवो अथवा न होवो, ते रोज द्यावेच लागतात.

घरच्या अंड्याचा भाव ठरतो तो इथे. वर्षाला ३०० अंडी देणारी संकरित लेअर कोंबडी घेतली, तर भाड्याचे साडेबावीस किलो आणि अंड्यांचे तेरा किलो मिळून अंड्यामागे सुमारे १२० ग्रॅम खाद्य पडते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातील पालनासाठी विकसित केलेल्या ग्रामप्रियासारख्या कोंबडीने १६० अंडी दिली, तर हाच आकडा १८५ ग्रॅमच्या घरात जातो. वर्षाला ६०-७० अंडी देणारी आपली गावरान कोंबडी पूर्णपणे विकतच्या खाद्यावर पोसली, तर अंडे लहान असूनही त्यामागे सुमारे ३८० ग्रॅम खाद्य खर्ची पडते. खाद्य ३५ रुपये किलो धरल्यास हे तीन भाव अनुक्रमे सव्वाचार, साडेसहा आणि सव्वातेरा रुपये होतात; वाचकांनी आपल्या दुकानातला भाव घालून गणित पुन्हा करावे. यात पिल्लू वाढवण्याचा खर्च धरलेला नाही. तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, वीस आठवड्यांची होऊन अंड्यावर येईपर्यंत सात-आठ किलो खाद्य फस्त करते. हा खर्च ३०० अंड्यांवर वाटला तर अंड्यामागे एक रुपयाही पडत नाही, परंतु ६५ अंड्यांवर वाटला तर चार रुपये पडतात.

मग गावरान कोंबडी पिढ्यान्‌पिढ्या परवडत आली ती कशी? तिचे खाद्य कोणी विकत आणत नव्हते. उकिरडा, शेणातल्या अळ्या, मळणीनंतरचे सांडलेले दाणे, वाळवी आणि कोवळा पाला यांतून ती आपले ६२ ग्रॅम स्वतः भागवत असे. शिवाय बारा-पंधरा अंडी घालून ती खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत असल्याने पुढची पिढीही विकत आणावी लागत नसे. उचगावातल्या एका बंगल्यामागच्या फरसबंद जागेत ही सोय नसते, आणि जिथे माती आहे तिथेही चार कोंबड्या महिन्याभरात सगळे किडे आणि गवत संपवून टाकतात.

उरलेल्या अन्नाचा आधार आहे, पण तो वाटतो तेवढा मोठा नाही. शंभर ग्रॅम शिळ्या भातात सुमारे १३० किलोकॅलरी असल्या, तरी त्यात प्रथिने तीन ग्रॅमही नसतात. रोज अंडे देणाऱ्या कोंबडीला दिवसाला सोळा-सतरा ग्रॅम प्रथिने हवी असतात. भात आणि भाकरीवर कोंबडीचे पोट भरते, पोटात चरबी साठते आणि अंडी मात्र थांबतात. शेंगपेंडीने काही भरपाई होते, परंतु पावसाळ्यात दमट झालेल्या पेंडीवर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते, त्यामुळे बुरसटलेली पेंड कोंबड्यांना कधीही घालू नये.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे वळतो. अंड्यातील सगळ्यात विलक्षण भाग म्हणजे आपण टोपलीत टाकून देतो ते कवच.

बलक अंडाशयातून सुटल्यावर अर्ध्या तासाच्या आत पुढे सरकतो, सुमारे तीन तासांत त्याभोवती पांढरा भाग जमतो आणि सव्वा तासात दोन पातळ पापुद्रे तयार होतात. यानंतर अंडे कवचग्रंथीत शिरते आणि तिथे तब्बल वीस तास मुक्काम करते. या वीस तासांत पाच-सहा ग्रॅम वजनाचे कवच घडते. ते जवळजवळ पूर्णपणे कॅल्शियम कार्बोनेटचे असते आणि त्यात सुमारे दोन ग्रॅम शुद्ध कॅल्शियम असते. याउलट, कोंबडीच्या सगळ्या रक्तात मिळून कोणत्याही क्षणी फक्त पंचवीस-तीस मिलिग्रॅम कॅल्शियम असते. कवच घडत असताना रक्तातून तासाला शंभर मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम काढून घेतले जाते, म्हणजेच रक्तातला सगळा साठा दर पंधरा-वीस मिनिटांनी रिकामा होऊन पुन्हा भरावा लागतो. माणसाच्या रक्तातले कॅल्शियम निम्म्यावर आले तर झटके येऊ शकतात, हे लक्षात घेतले की कोंबडी काय साधते याची कल्पना येते.

अडचण अशी, की कवचाचा मोठा भाग रात्री घडतो आणि रात्री कोंबडी काही खात नाही. तेव्हा कॅल्शियम येते हाडांतून. अंड्यावर येण्याच्या दहा-पंधरा दिवस आधी तलंगेच्या रक्तात इस्ट्रोजेन वाढते आणि तिच्या मांडीच्या व पायाच्या पोकळ हाडांत, मज्जेच्या जागी, सूक्ष्म काट्यांचे एक वेगळेच हाड वाढू लागते. याला मेड्युलरी बोन म्हणतात. शरीर पेलण्याशी त्याचा फारसा संबंध नाही. ते केवळ कॅल्शियम साठवण्यासाठी असते. रात्री अस्थिभक्षक पेशी ते विरघळवतात, दिवसा खाद्यातून आलेल्या कॅल्शियमने ते पुन्हा भरले जाते, आणि हे चक्र अंडी चालू असेपर्यंत सुरू राहते. हे हाड १९३४ मध्ये मादी कबुतरांत नोंदवले गेले. २००५ मध्ये जीवाश्मशास्त्रज्ञ मेरी श्वाइट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोंटाना येथे सापडलेल्या, सुमारे ६ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या टायरानोसॉरस रेक्स या डायनोसॉरच्या मांडीच्या हाडात तशीच ऊती आढळल्याचे जाहीर केले, आणि तो प्राणी अंडी घालण्याच्या काळातली मादी असावी असा निष्कर्ष काढला.

कवचाचा दुसरा घटक, म्हणजे कार्बोनेट, श्वासाशी जोडलेला आहे. कवचग्रंथीच्या पेशींत कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांच्यापासून कार्बोनिक अनहायड्रेज या विकराच्या मदतीने बायकार्बोनेट तयार होते. ते कॅल्शियमशी संयोग पावते आणि मागे हायड्रोजन आयन उरतात, म्हणून कवच घडताना कोंबडीचे रक्त किंचित आम्लधर्मी होते. या आम्लाचा काही भाग हाड विरघळताना सुटणाऱ्या फॉस्फेटमुळे शमतो, म्हणजे कॅल्शियम पुरवणारी क्रियाच आम्लाचाही बंदोबस्त करते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ३७-३८ अंशांवर गेला की ही घडी विस्कटते. कोंबडीला घर्मग्रंथी नसतात, त्यामुळे ती चोच उघडी टाकून धापा टाकते, शरीरातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो, बायकार्बोनेट कमी पडते आणि कवच पातळ होते. खाद्यात कॅल्शियम भरपूर असूनही उन्हाळ्यात अंडी हातात फुटतात ती यामुळे. १९८० च्या दशकात संशोधकांनी उष्ण हवेतल्या कोंबड्यांना कार्बन डायऑक्साइड मिसळलेले पाणी, म्हणजे साधा सोडाच, पाजून कवच सुधारते असे दाखवले होते. परड्यात सोड्याच्या बाटल्या फोडण्याची गरज नाही. दाट सावली आणि दुपारी बदललेले गार पाणी पुरेसे आहे.

या रसायनशास्त्राचा व्यवहारात उपयोग असा : कॅल्शियम पिठाच्या रूपात देण्यापेक्षा शिंपल्यांच्या दोन ते चार मिलिमीटरच्या तुकड्यांच्या रूपात द्यावे. असे तुकडे गिझार्डमध्ये, म्हणजे दाणे दळणाऱ्या स्नायुमय जठरात, अडकून राहतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात, त्यामुळे हाडांवरचा ताण कमी होतो. वेगळ्या भांड्यात ठेवल्यास कोंबड्या सायंकाळी ते स्वतःहून जास्त खातात. घरातली अंड्याची टरफलेही चालतात, परंतु ती भाजून आणि बारीक करून द्यावीत, नाहीतर कोंबड्यांना अंडी फोडून खाण्याची खोड लागते. अंड्यावर न आलेल्या तलंगांना मात्र लेअर खाद्य घालू नये, कारण त्यातले साडेतीन-चार टक्के कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना बाधते.

आता पुन्हा थंडीकडे येऊ, कारण घरच्या कोंबड्या नेमक्या याच दिवसांत हात आखडतात. थंडीपेक्षा प्रकाशाचा यात मोठा वाटा आहे. कोंबडीच्या मेंदूत, हायपोथॅलॅमसमध्ये, कवटीतून झिरपलेला प्रकाश थेट ओळखणाऱ्या पेशी असतात. डोळे निकामी असलेल्या पक्ष्यांतही दिवस मोठा झाल्यावर प्रजनन ग्रंथी वाढतात, हे फ्रान्समध्ये बेन्वा यांनी १९३० च्या दशकात बदकांवर दाखवले. अंड्यांची गती टिकण्यासाठी चौदा ते सोळा तास प्रकाश लागतो. कोल्हापूर १६.७ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने इथला दिवस जूनमध्ये तेरा तासांहून थोडाच मोठा आणि डिसेंबरमध्ये अकरा तासांच्या थोडा वर असतो. पाच वॉटचा एलईडी दिवा रोज चार तास लावल्यास महिन्याला एक युनिट वीजही जळत नाही. तो पहाटे लावावा, कारण सायंकाळी दिवा एकदम मालवला तर कोंबड्यांना अंधारात बसण्याची जागा सापडत नाही.

अंड्यांसाठी कोंबडा हवाच, हा समज अजून टिकून आहे. कोंबडा नसतानाही अंडी तेवढीच मिळतात, फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत आणि शेजाऱ्यांची पहाटेची झोप वाचते. तपकिरी अंडे जास्त पौष्टिक, हा समज त्याहून महाग पडतो. कवचाचा तपकिरी रंग प्रोटोपॉर्फिरिन या रंगद्रव्याचा असतो, तो जातीवर अवलंबून असतो आणि त्याचा आतल्या प्रथिनांशी संबंध नसतो. आरवणारी कोंबडी अपशकुनी मानून तिचा बळी देणाऱ्यांनी एवढे जाणून घ्यावे, की कोंबडीचे फक्त डावे अंडाशय काम करते, आणि रोगाने ते निकामी झाले तर उजव्या बाजूची अविकसित ग्रंथी वाढून नरसंप्रेरके स्रवू लागते. तुरा वाढतो, आरव येतो. घरावर काहीही येत नाही. अपशकुनापेक्षा मोठे नुकसान हव्यासाने केले आहे. कडकनाथ कोंबड्यांच्या नावाने सांगली-कोल्हापूर भागातल्या शेतकऱ्यांची झालेली फसवणूक २०१९ मध्ये उघडकीस आली. वर्षाला जेमतेम शंभर अंडी देणाऱ्या कोंबडीकडून कोणी भरघोस परताव्याचे आश्वासन दिले, तर वरचा ६२ ग्रॅमचा हिशेब तिथेही लागू होतो, हे तेव्हा फार थोड्यांनी पाहिले.

उरलेले खर्च लहान आहेत, पण ते विसरले जातात. मुंगूस आणि मांजर शिरणार नाही असे पक्क्या जाळीचे खुराडे लागते. मानमोडी, म्हणजे राणीखेत, रोगावरची लस शंभर मात्रांच्या कुपीत मिळते आणि एकदा विरघळवल्यावर ती टिकत नाही, त्यामुळे चार कोंबड्यांसाठी कुपी फोडण्यापेक्षा गल्लीतल्या सर्वांनी एकाच दिवशी लसीकरण करणे किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करणे शहाणपणाचे. आपल्याकडच्या पावसाळ्यात खाली अंथरलेले भाताचे तूस ओले राहिले, तर रक्ती हगवण पसरते.

माझ्या मते, विकतचे खाद्य घालून चार सुधारित कोंबड्या पाळल्यास अंडे बाजारापेक्षा किंचित महागच पडते. त्याबदल्यात ताजे अंडे आणि झाडांना नत्रयुक्त खत मिळते, आणि तेवढ्यावर समाधान असेल तर हा उद्योग जरूर करावा. पहिल्या वर्षानंतर मात्र हिशेब बिघडत जातो. दुसऱ्या वर्षी अंडी साधारण पाचव्या हिश्शाने घटतात, तिसऱ्या वर्षी आणखी घटतात, आणि ६२ ग्रॅम तेवढेच राहतात. खेड्यात अशी कोंबडी वेळीच विकली जाते. गावरान कोंबडीला कोल्हापुरात रश्श्यासाठी चांगला भाव मिळतो आणि अंड्यांतला तोटा त्यात भरून निघतो. शहरात मुलांनी तिचे नाव ठेवलेले असते आणि तिला विकण्याचा विषयही निघत नाही. अशा घरांनी अंडी बंद झालेल्या प्रत्येक कोंबडीमागे वर्षाला साडेबावीस किलो खाद्य, म्हणजे सुमारे आठशे रुपये, खर्चात धरावेत. चांगली निगा राखली तर कोंबडी पाच-सहा वर्षे सहज जगते.