बान मी थित नुओंग

निखाऱ्यावर भाजलेले डुकराच्या मांसाचे काप, आंबटगोड मुळा-गाजर, काकडी, कोथिंबीर आणि मिरची भरलेला व्हिएतनामी पाव. 'बान मी' म्हणजे गव्हाचा पाव, 'थित' म्हणजे मांस आणि 'नुओंग' म्हणजे विस्तवावर भाजलेले. व्हिएतनाममध्ये नुसत्या पावालाही बान मीच म्हणतात. परदेशात हा शब्द भरलेल्या पावासाठी रूढ झाला आणि 2011 मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशात आला. हेच मांस तांदळाच्या शेवयांवर घातले की 'बुन थित नुओंग' होते, त्यामुळे जास्तीचे मांस भाजले तरी ते वाया जात नाही.

फ्रेंचांनी 1859 मध्ये सायगॉन (आजचे हो ची मिन्ह शहर) घेतले आणि त्यांच्याबरोबर पाव या देशात रुजला. गहू तिथे पिकत नसल्याने तो बराच काळ गोऱ्यांचे महाग खाणे होता. त्याला 'बान ताय', म्हणजे पाश्चात्त्यांचा पाव, असेही म्हणत. बशीत पाव वेगळा आणि लोणी, मांस वेगळे, अशी फ्रेंच रीत होती. 1954 मध्ये देशाची फाळणी झाल्यावर उत्तरेतले लाखो लोक दक्षिणेत आले. अशाच एका दांपत्याचे सायगॉनमधले 'होआ मा' हे 1958 चे दुकान, आखूड पावातच सगळे भरून हातात देणाऱ्या पहिल्या दुकानांपैकी मानले जाते. 1975 नंतर देश सोडून गेलेल्या व्हिएतनामींनी हा पदार्थ अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सपर्यंत नेला. गोव्याच्या वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल: तिथे पोर्तुगीजांच्या पावात स्थानिक मसाल्याचे चोरिस (डुकराच्या मांसाचे सॉसेज) भरले जाते, इथे फ्रेंचांच्या पावात गवती चहाचे मांस.

घरी हा पदार्थ बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. मांसाला पाणी सुटले तर ते भाजण्याऐवजी शिजते, मुळा पिळला नाही तर पाव ओला होतो, दमट हवेत पावाची पापडी चिवट होते. पुढचे सगळे तपशील या एका गोष्टीभोवती फिरतात. प्रमाणे चार पावांची आहेत.

मांस

खांद्याचे 500 ग्रॅम मांस घ्यावे. त्यात पाचवा हिस्सा तरी चरबी हवी. कमरेचे बिनचरबीचे मांस दिसायला स्वच्छ असते, पण विस्तवावर दोन मिनिटांत कोरडे पडते. मांस अर्धा-पाऊण तास फ्रीझरमध्ये ठेवून थोडे कडक केले की सुरी सरकत नाही आणि 3 ते 4 मिलिमीटर जाडीचे काप सहज पडतात. काप तंतूंना आडवे काढावेत. तंतूंच्या दिशेने कापलेला तुकडा पावातून अख्खा ओढला जातो आणि पहिल्याच घासाला सारण बाहेर येते.

मसाल्याचा कणा गवती चहा आहे, पण आपण चहात घालतो ती पात नव्हे. मुळाजवळचा पांढरा, जाडसर, 10 ते 12 सेंटिमीटरचा दांडा घ्यायचा. बाहेरचे दोन-तीन पदर काढले की आत फिकट जांभळी झाक असलेला कोवळा गाभा लागतो. त्याच्या अगदी पातळ चकत्या कराव्यात आणि मगच बारीक चिराव्यात. आधी उभे चिरले तर धागे लांब राहतात आणि दातांत अडकतात. कुंडीत गवती चहा असेल तर पात न खुडता अख्खा फुटवा मुळापासून उपटावा. नुसती पातच मिळाली तर ती ठेचून 2 चमचे पाण्यात वाटावी आणि रस गाळून घालावा. वास येतो, पण पांढऱ्या दांड्याची गोडसर तिखटाई येत नाही.

चिरलेला गवती चहा 30 ग्रॅम (तीन दांडे), लसणाच्या 4 मोठ्या पाकळ्या आणि सांबारात घालतात तसले 4 छोटे कांदे खलबत्त्यात कुटावेत. मिक्सरमध्ये पाणी घालून वाटू नये. त्यात 30 मिलिलिटर फिश सॉस, 20 ग्रॅम साखर, 15 ग्रॅम मध, 15 मिलिलिटर ऑइस्टर सॉस, 30 मिलिलिटर तेल आणि 1 लहान चमचा भरड मिरपूड मिसळावी. फिश सॉस, म्हणजे 'नुओक माम', हा मांदेलीच्या कुळातल्या छोट्या माशांना मीठ लावून महिनोन्‌महिने मुरवून काढलेला अर्क आहे. बाटली हुंगल्यावर तो नकोसा वाटतो, भाजल्यावर मात्र माशाचा वास राहत नाही, नुसती खमंग खारट चव उरते. त्याऐवजी सोया सॉस घातला तर पदार्थ चिनी वळणाचा होतो. वेगळे मीठ घालू नये.

मसाला काप-काप चोळून मांस फ्रिजमध्ये 2 ते 4 तास मुरवावे. रात्रभर चालते. त्याहून जास्त ठेवले तर मीठ मांसातले पाणी ओढून काढते आणि पोत हॅमसारखा घट्ट होतो.

भाजणे

लोणारी कोळसा पेटवून त्यावर राखाडी साय धरेपर्यंत थांबावे. ज्वाला असताना मांस ठेवले तर साखर आधी जळते आणि आतले कच्चे राहते. व्हिएतनाममध्ये काप दुपदरी बिजागरीच्या जाळीत दाबून बसवतात, त्यामुळे सगळे एकाच वेळी उलटता येतात. निखाऱ्यापासून 8 ते 10 सेंटिमीटर वर, दर मिनिटाला उलटत, एकूण 6 ते 8 मिनिटे लागतात. जाळीवर ठेवण्याआधी कापांना चिकटलेला गवती चहा आणि लसूण बोटाने निपटून काढावा, कारण हे कण सर्वांत आधी जळतात आणि कडवटपणा त्यांचाच असतो. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडून जो धूर उठतो तोच या पदार्थाचा खरा वास. खालून एकदम भडका उठला तर जाळी बाजूला घ्यावी, पाणी शिंपडू नये, राख उडून मांसाला चिकटते.

कापाची कड गडद तपकिरी, कुठे कुठे काळी, मधला भाग चकचकीत लालसर तपकिरी आणि बोटाने दाबल्यावर चिकट लागणारा, असे झाले की काढावे. डुकराचे मांस आत कुठेही गुलाबी ठेवू नये. एक जाड काप मोडून पाहावा. उरलेला कच्चा मसाला सॉस म्हणून वर ओतू नये.

फ्लॅटमध्ये शेगडी शक्य नसेल तर बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवून एका वेळी सहा-सात कापच टाकावेत. अर्धा किलो एकदम टाकले की तवा थंड होतो, पाणी सुटते आणि करड्या रंगाची आमटी तयार होते. तसे झालेच तर पाणी काढून वेगळे आटवावे, काप पुसून पुन्हा गरम तव्यावर टाकावेत आणि आटलेला रस शेवटी वरून लावावा. ओव्हनमध्ये जाळीवर, 220 अंशांना, वरच्या कप्प्यात 12 ते 15 मिनिटे लागतात. शेवटची दोन मिनिटे फक्त वरची कॉइल चालू ठेवावी.

'दो च्युआ' (आंबटगोड मुळा-गाजर)

250 ग्रॅम पांढरा मुळा आणि 150 ग्रॅम केशरी गाजर यांच्या 5 सेंटिमीटर लांब, 3 मिलिमीटर जाड काड्या कराव्यात. किसणीवर किसू नये, लगदा होतो. हिवाळ्यातले लाल गाजर रंग सोडते. जून मुळा उग्र असतो, बोटभर जाडीचा कोवळा बरा. काड्यांना 1 लहान चमचा मीठ आणि 2 लहान चमचे साखर तीन मिनिटे चोळून पाव तास ठेवावे. मुळ्याची एक काडी उचलून तिची दोन्ही टोके जुळवून पाहावीत. ती मोडली तर अजून थांबायचे, वाकून टोकाला टोक टेकले तर झाले. मग धुऊन घट्ट पिळून, 240 मिलिलिटर व्हिनेगर, 180 मिलिलिटर कोमट पाणी आणि 100 ग्रॅम साखर यांच्या गार केलेल्या मिश्रणात बुडवावे. अनेक परदेशी पाककृती पाणी व्हिनेगरइतकेच सांगतात, पण तिथले व्हिनेगर 5 टक्क्यांचे असते आणि आपल्याकडचे पांढरे व्हिनेगर साधारण 4 टक्क्यांचे, म्हणून पाणी कमी. तासाभरात खाता येते. बरणी उघडल्यावर मुळ्याचा जोरदार वास येतो, ते नासल्याचे लक्षण नव्हे.

पाव

चांगल्या बान मीची पापडी कागदासारखी पातळ, दाबताच तडकणारी, आणि आतला गर जवळजवळ कापसासारखा हलका असतो. तो त्यात घातलेल्या तांदळाच्या पिठामुळे हलका होतो हा समज सर्वत्र आहे, पण खरे काम भरपूर मळणी, तिप्पट होईपर्यंत फुगवणे आणि भट्टीतली वाफ करते. 300 ग्रॅम मैदा, 190 ग्रॅम पाणी, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 8 ग्रॅम साखर, 5 ग्रॅम मीठ, 10 ग्रॅम तेल आणि चिमूटभर क जीवनसत्त्वाची पूड घ्यावी. आपला मैदा चिकटपणात कमी पडतो, म्हणून त्यात 2 लहान चमचे ग्लुटेन पूड मिसळावी. पीठ ताणल्यावर न फाटता आरपार उजेड दिसेपर्यंत मळावे. तासभर फुगवून चार गोळे करावेत, टोकांना निमुळते वळावेत आणि पुन्हा तिप्पट होऊ द्यावेत. तिरप्या पात्याने एकच लांब चीर द्यावी. वर पाणी फवारून, खाली उकळत्या पाण्याचा ट्रे ठेवून 230 अंशांना 18 ते 20 मिनिटे भाजावे. चीर उमलली नाही तर पाव जास्त फुगला होता किंवा वाफ कमी पडली.

विकतचा वापरायचा तर लादी पाव नको, तो रसाने लगेच बसतो. मुंबईचा ब्रून किंवा गोव्याचा उंडो जवळचा. दोन्हींची पापडी जाड असते, म्हणून आतला थोडा गर काढून टाकावा. पावसाळ्यात कोणताही पाव भरण्याआधी 180 अंशांना चार-पाच मिनिटे तापवावा.

भरणे

पाव एका बाजूने उभा चिरावा, दुसरी बाजू जोडलेली राहू द्यावी. दोन्ही आतल्या बाजूंना 'बो' लावतात. ही अंड्याचे पिवळे आणि तेल घोटून केलेली व्हिएतनामी मेयॉनेझ. कच्च्या अंड्याची शंका असेल तर विकतची चालते. ही चव तर वाढवतेच, शिवाय चरबीचा थर रस पावात मुरू देत नाही, म्हणून कडेपर्यंत लावावी. हवे तर एका बाजूला 'पाते'चा, म्हणजे यकृत वाटून केलेल्या फ्रेंच लेपाचा, पातळ थर, मग गरम मांस, पावाला चौथा हिस्सा. त्यावर 'मो हान': कांद्याची पात बारीक चिरून, चिमूट मीठ घालून, त्यावर कडकडीत तेल ओतलेले. नंतर मूठभर पिळलेला मुळा-गाजर, काकडीची लांब फाक, देठांसकट कोथिंबीर आणि लवंगी मिरचीच्या चकत्या. शेवटी मॅगी सीझनिंगचे (हा सोया सॉससारखा पातळ, खारट सॉस, नूडल्सचा मसाला नव्हे) दोन-तीन थेंब. केचप घालू नये, मांसाचा धूर त्याखाली पूर्ण दबतो.

भरलेला पाव दहा मिनिटांत खावा. डब्यात न्यायचा असेल तर पाव, मांस आणि भाजी वेगवेगळी न्यावी. भाजलेले मांस फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते आणि गरम तव्यावर मिनिटभरात पुन्हा ताजे होते. मुळा-गाजर फ्रिजमध्ये व्हिनेगरात बुडलेले राहिले तर तीन-चार आठवडे कुरकुरीत राहते.