पोरीचं नाव ‘ण’वरून आलं तेव्हा

भावाला मुलगी झाली आणि आमच्याकडे नाव आत्यानंच ठेवायचं असते म्हणून सगळा भार माझ्यावर आला. भावाची अट अशी की नाव दुर्मिळ पाहिजे, वर्गात दुसऱ्या कोणाचं नसावं, पण ऐकल्याबरोबर पोरगी आहे हे समजलं पाहिजे. वहिनीला दोन अक्षरी पाहिजे. आणि इकडे आईनं नागपुरातल्या महाल भागातल्या गुरुजींना जन्मवेळ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून दिली, तर रिप्लाय आला: हस्त नक्षत्र, तिसरा चरण, अक्षर ‘ण’. आता ‘ण’वरून काय ठेवता बाप्पा!

हे अक्षर येते कुठून तर अवकहडा चक्रातून. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, म्हणजे १०८ अक्षरं, चंद्र ज्या चरणात असेल ते अक्षर बाळाचं. हस्ताची अक्षरं पू, ष, ण, ठ. एक चरण साधारण सहा तासांचा, म्हणजे पोट्टी अजून थोडी उशिरा आली असती तर ‘ठ’ लागला असता आणि आमच्या घरी खरोखरची ठमी झाली असती. आर्द्रावाल्यांचं तर याहून कठीण, त्यांच्या वाट्याला कु, घ, ङ, छ. त्यातल्या ‘ङ’वरून आजवर कोणी नाव ठेवलेलं मी तरी ऐकलं नाही. म्हणून जुन्या लोकांनी सोपी वाट काढली होती, नावरस नाव पत्रिकेत राहू द्यायचं आणि हाक मारायचं नाव वेगळं ठेवायचं, म्हणजे गुरुजीही खुश आणि पोरगीही.

पण ‘बायकी वाटलं पाहिजे’ हे जे आपण सहज बोलून जातो त्याची मुळं लय मागे जातात. पारस्कर गृह्यसूत्रात, म्हणजे घरातल्या संस्कारांचे नियम सांगणाऱ्या जुन्या संस्कृत ग्रंथात, मुलीच्या नावाबद्दल सरळ सांगून ठेवलं आहे की अक्षरं विषम पाहिजेत आणि शेवट ‘आ’कारान्त पाहिजे. म्हणजे वहिनीची दोन अक्षरांची अट तिथंच बाद. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तर लिस्टच आहे: उच्चारायला सोपं, कठोर नसलेलं, अर्थ स्पष्ट, मनोहर, मंगल, शेवटी दीर्घ स्वर आणि आशीर्वाद असल्यासारखं. आजची कोणतीही आई मोबाइलवर नाव शोधते तेव्हा डोक्यात जवळपास हीच लिस्ट असते, फक्त ती कुठून आली हे माहीत नसते. आणि त्याच अध्यायात दोनच श्लोक आधी लिहिलं आहे की शूद्राचं नाव जुगुप्सित, म्हणजे ऐकून किळस यावी असं, असावं. हे नागपुरात बसून वाचताना जरा थांबावंच लागते, त्यावर पुढे येते.

तिसऱ्या अध्यायात अजून एक गंमत आहे. कोणत्या पोरीशी लग्न करू नये, तर जिचं नाव नक्षत्रावरून, झाडावरून, नदीवरून, डोंगरावरून, पक्ष्यावरून, सापावरून आहे तिच्याशी. आता सांगा, रोहिणी, रेवती, तुळसा, गंगा, यमुना, गोदावरी, मैना ही नावं काढून टाकली तर मराठी घरात जुन्या बायका उरतात किती? लोकांनी हा नियम कधी मनावर घेतलाच नाही असं दिसते. नाणेघाटातल्या लेखातली सातवाहन राणी नागनिका, तिच्या नावातच नाग. आणि आपल्या इकडचंच पाहायचं तर वाकाटकांची प्रभावतीगुप्ता, तिची आई कुबेरनागा.

ही प्रभावती म्हणजे आपल्या रामटेकजवळच्या नगरधनची, त्या काळचं नंदिवर्धन. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाला दिली होती, तो लवकर वारला आणि पोरं लहान म्हणून राज्य हिनं चालवलं. नगरधनला अलीकडे खोदकाम झालं त्यात तिच्या नावाची मातीची मुद्रा पण निघाली. मला यात सगळ्यात भारी वाटते ते हे की तिच्या ताम्रपटात ती स्वतःला गुप्त घराण्याची म्हणवते आणि गोत्रही माहेरचंच सांगते, धारण, सासरचं नाही. दीड हजार वर्षांहून आधी!

कारण नंतर आपल्याकडे काय झालं ते आपल्याला माहीतच आहे. माझी आजी माहेरची वेणू. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि आजोबांनी अंगठीनं त्यात ‘सरस्वती’ लिहिलं, झालं, वेणू संपली. का तर आजोबांचं नाव ब्रह्मदेवाशी जुळणारं होतं म्हणून जोडी लावली. तिला म्हातारपणी एकदा तिच्या माहेरच्या कोणीतरी ‘वेणू’ म्हणून हाक मारली तर ती ओ द्यायला दोन सेकंद थांबली, हे मी समोर बसून पाहिलं आहे. अशा काळात मुलीसाठी दुर्मिळ नाव शोधायला कोण बसणार, पुढे खोडलंच जायचं होतं ते. नदी, देवी, नाहीतर वारलेली आजी, यातलं एक ठेवलं की काम झालं. नाव वेगळं असावं ही हौसच नव्हती, उलट आजी परत आली असं वाटण्यासाठी तेच नाव पाहिजे असायचं.

तरी मधे मधे काय एकेक नावं होती! लीळाचरित्रात पाहा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा, बाइसा. शेवटी तो ‘आइसा’ लागतो, ऐकायला किती मऊ आणि किती भारदस्त. महदाइसा म्हणजे मराठीतली आद्य कवयित्री समजली जाते ती, आणि हे सगळं महानुभावांचं, ज्यांचं रिद्धपूर अमरावती जिल्ह्यात, म्हणजे आपल्या वऱ्हाडातच. (प्रभावतीचा एक ताम्रपट पण रिद्धपूरलाच सापडला, हा योगायोग मला आवडतो.) पुढे कान्होपात्रा, सोयराबाई. आपल्या महालात भोसल्यांची बाकाबाई. यातलं एकही नाव आज पाळण्यात ऐकू येत नाही, मी ‘महदा’ सुचवलं तर भाऊ म्हणे मधात हळद ऐकू येते.

मग एक पिढी अशी आली की तिनं तो दीर्घ स्वराचा नियमच उडवला. कमल, विमल, कुसुम, सुमन, मंगल, पुष्प नाही तर निदान फुलाचा वास तरी, पण शेवट ‘अ’कारान्त. मराठीत शेवटचा ‘अ’ आपण बोलतच नाही, त्यामुळे ऐकायला ही नावं व्यंजनावरच थांबतात आणि तरी आपल्याला ती पक्की बायकी वाटतात, किंबहुना पक्की मावशी-आजीची वाटतात. त्याच सुमाराला नलिनी, मृणालिनी, स्नेहलता असली लांब नावं पण आली, त्यात बंगाली कादंबऱ्यांच्या मराठी भाषांतरांचा हात असावा असं मला वाटते. नागपूरला तर बंगाली शेजारही होता, बंगाल-नागपूर रेल्वे होती, आणि १९२३ ला नागपूर विद्यापीठ निघालं तेव्हा पहिले कुलगुरू बिपिनकृष्ण बोस होते.

पण नागपुरात नावांचा खरा भूकंप झाला तो १४ ऑक्टोबर १९५६ नंतर. वर म्हटलं ना की शूद्राचं नाव किळसवाणं असावं असं लिहून ठेवलं होतं, तर ते नुसतं पुस्तकात नव्हतं, दगडू, धोंडी, कचरू ही नावं गावोगाव होती. (यातली काही वरच्या जातींतही नवसाची म्हणून, दृष्ट लागू नये म्हणून ठेवायचे, पण तिथं ती आईबापांची मर्जी होती.) ती मनुस्मृती बाबासाहेबांच्या पुढाकारानं २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळली गेली आणि २९ वर्षांनी दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी धम्म घेतला. त्यानंतर पाळण्यात आल्या त्या सुजाता, यशोधरा, गौतमी, विशाखा, संघमित्रा, आम्रपाली, महामाया, प्रज्ञा, करुणा. सिद्धार्थाला खीर देणारी सुजाता, संघाला भरभरून दान देणारी विशाखा, धम्म घेऊन श्रीलंकेला गेलेली अशोकाची मुलगी संघमित्रा. थेरीगाथेतल्या भिक्खुणींपर्यंत लोक पोचले, खेमा, उत्पलवर्णा. पहिल्या दहा-पंधरा वर्षांत ही नावं किती दुर्मिळ असतील विचार करा, आणि ती ठेवणारे बापलोक कोणी संस्कृत पंडित नव्हते, एम्प्रेस मिलमध्ये जाणारे, विड्या वळणारे होते. माझ्या शाळेत येईपर्यंत एका वर्गात तीन सुजाता झाल्या होत्या. दुर्मिळ नाव चांगलं निघालं की दुर्मिळ राहत नाही, हे मी भावाला तेव्हापासून सांगून राहिली.

उलटं टोक म्हणजे नकुशी. मुलगाच पाहिजे होता आणि मुलगी झाली म्हणून नाव नकुशी. सातारा जिल्ह्यात २०११ ला दोनशेच्या वर मुलींनी एका सरकारी कार्यक्रमात हे नाव टाकून नवी नावं घेतली. यावर मी जास्त काही लिहित नाही.

आताची फॅशन मायरा, कियारा, अनाया, शनाया, सगळ्यांचा शेवट ‘आ’, पारस्कराला आवडलं असतं. मोबाइलवर प्रत्येकाचा संस्कृत अर्थ मिळते, पण मायरा हे नाव फुल्क ग्रेव्हिल नावाच्या इंग्रज कवीनं आपल्या कवितांसाठी घडवलं, तो १६२८ ला वारला, आणि कियाराच्या मागे इटालियन ‘कियारा’ आहे, स्वच्छ, उजळ अशा अर्थाचं. वाईट काहीच नाही, फक्त शेजारच्या बिल्डिंगमध्ये आधीच दोन मायरा आहेत.

कायद्याला तशी घाई नाही. १९६९ च्या कायद्यानं जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, पण नावाचा रकाना कोरा चालते, वर्षभरात फुकट भरता येते आणि त्यानंतर लेट फी देऊन १५ वर्षांपर्यंत. आणि महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदावर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. भाऊ काल दाखला घेऊन आला. बाळाच्या नावापुढे काहीच नाही आणि आईच्या रकान्यात वहिनीचं माहेरचंच नाव, तिनं लग्नात ते बदललंच नव्हतं, तांदळाचं ताट आणलं तेव्हा हसून बाजूला सारलं होतं. मी ‘प्रभा’ म्हटलं, दोन अक्षरी पण आहे. ती म्हणे विचार करते. आई अजून गुरुजींना विचारून राहिली की ‘ण’च्या जागी ‘न’ चालते का, आणि तोवर घरात सगळे तिला ‘णणी’च म्हणून राहिले.