टेम्प फाइल, ठरीव नावाची

सॉफ्टवेअरची बिल्ड (मूळ कोडपासून चालवता येणारा प्रोग्राम बनवणे) चालू असताना स्क्रिप्टने तात्पुरत्या फाइलींच्या सामाईक टीएमपी डिरेक्टरीत आधीच ओळखता येईल अशा नावाने फाइल उघडल्यामुळे उद्भवणारा सुरक्षादोष. ‘तात्पुरती संचिका’ हा प्रतिशब्द आहे, पण लॅबमध्ये तो कोणी उच्चारत नाही.

युनिक्सवर या डिरेक्टरीत कोणालाही फाइल करता येते. डिरेक्टरीवरच्या ‘स्टिकी बिट’ या परवानगीच्या खुणेमुळे (डिरेक्टरीपुरता हा अर्थ साधारणतः १९८६च्या ४.३ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीपासून धरतात) दुसऱ्याची फाइल पुसता येत नाही, एवढेच. यवतमाळ-वर्ध्याकडे बाजार समितीच्या यार्डातही हाच न्याय: माल कुठेही उतरवा, दुसऱ्याच्या पोत्याला हात लावू नका. पण अमक्याची बंडी रोज त्याच कोपऱ्यात रिकामी होते हे ठाऊक असणाऱ्याने आदल्या रात्री तिथे आपली ताडपत्री अंथरली, तर यार्डाचा एकही नियम मोडत नाही.

फाइलच्या नावाला प्रोसेस क्रमांक (चालू प्रोग्रामला यंत्रणा देते तो) जोडण्याची स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांची सवय जुनी आहे. हा क्रमांक बहुधा ओळीने वाढतो. आत्ता ४१७० चालू असेल, तर पुढच्या शे-दोनशे नावांच्या सिमलिंक (दुसऱ्याच फाइलीकडे नेणाऱ्या पाट्या) करून ठेवायला छोटा लूप पुरतो. तालुक्याच्या कॉलेजात अख्खा वर्ग ज्या एका सर्व्हरवर लॉगिन करतो, तिथे सर रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून ‘मेक इन्स्टॉल’ ही प्रोग्राम बसवण्याची आज्ञा चालवतात, स्क्रिप्ट ‘बिल्ड.४१८२’मध्ये लिहायला जाते आणि लिंक जिकडे नेते ती फाइल, मग ती पासवर्डची का असेना, कोरी होऊन नव्याने लिहिली जाते.

दोषाचा आरंभ कोठून धरायचा, हे व्याख्येवर ठरते. तपासणी आणि वापर यांमधल्या फटीचे (आधी पाहिले आणि मग उघडले, यांच्या मधल्या क्षणाचे) वर्णन मॅकफी यांनी १९७४मध्ये आयबीएमच्या मेनफ्रेम या मोठ्या संगणकांसंदर्भात केले. युनिक्सच्या फाइलींपुरती नेमकी मांडणी मात्र बिशप व डिल्गर यांच्या १९९६च्या लेखात सापडते, आणि प्रस्तुत विषयाला तीच अधिक जवळची वाटते. नाव ओळखता येणे हाच मूळ दोष, असेही म्हणतात. ते अर्धेच खरे: नाव कितीही विचित्र ठेवले, तरी ‘आधी पाहा, मग उघडा’ अशी दोन पावले टाकली की फट उरतेच. सी भाषेतले ‘एमकेटेम्प’ फंक्शन नेमके यासाठी २००८च्या पॉझिक्स या युनिक्सच्या मानकातून वगळले गेले. त्याच नावाची शेल आज्ञा मात्र फाइल स्वतःच तयार करून देते, म्हणून ती चालते. लिनक्स ३.६ (२०१२) पासून कर्नलला (यंत्रणेच्या गाभ्याला) अशा सिमलिंक अडवता येतात, पण ती सेटिंग चालू असावी लागते.

वीज जाऊन बिल्ड अर्ध्यात तुटली आणि मशीन सुरू होताना टीएमपी साफ होत नसेल, तर उरलेल्या फाइलींवरून नावाची धाटणी कोणालाही वाचता येते.