"वळखलं का पाव्हणं?" मागचा इतिहास

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या जत्रेत लाल कंधारी जातीच्या गुरांच्या दावणीपुढं उभं राहिलं की बाहेरच्याला सगळी जनावरं सारखीच लाल दिसतेत. देवणी जातीचं बरं असतंय, वानेरा, शेवरा असे रंग-ठिपक्यांवरून प्रकार तरी पडतेत. पण जुना जाणता माणूस कंधारी गोऱ्ह्याकडं नुसतं बघतो अन् म्हणतो, हे मागल्या साली बघितलेलं. कशावरून म्हणावं तर शिंग, चाल, कायबी सांगतो, पण खरं बघितलं तर ओळख आधी पटलेली असते, कारण मागून शोधलं जातंय.

ह्या ओळख पटण्याच्या भानगडीवर आपल्याकडं लई जुना वाद आहे. "तोच हा देवदत्त" हे त्यातलं ठरलेलं उदाहरण. 'हा' समोर दिसायलाय, 'तो' आठवणीतला, मग हे एक ज्ञान का दोन? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनवाले, म्हणायचे एकच, जुन्या संस्काराची जोड मिळालेलं प्रत्यक्षच ते. बौद्धांच्या मते सगळं क्षणिक, त्यामुळं ते म्हणायचे दिसणं वेगळं, आठवणं वेगळं, तुम्ही उगं दोन्हीची गाठ मारताय.

प्रयोगशाळेत हे सगळं फार उशिरा आलं. 1973 मध्ये लायोनेल स्टँडिंग ह्या मानसशास्त्रज्ञानं लोकांना 10,000 चित्रं दाखवली आणि नंतर एक जुनं एक नवं अशी जोडी पुढं ठेवून विचारलं, तर दहात आठपेक्षा जास्त वेळा जुनं बरोबर निघालं, म्हणजे "माझ्या ध्यानात काहीच राहत नाही बघ" म्हणणाऱ्यांचं मला तरी पूर्ण खरं वाटत नाही. 1980 मध्ये जॉर्ज मँडलर ह्या मानसशास्त्रज्ञानं बसमधल्या खाटकाचं उदाहरण दिलं: रोज दुकानात दिसणारा माणूस बसमध्ये भेटला तर ओळखीचा वाटतो, पण कोण, कुठला, ते काय सुचत नाही. लातूरच्या स्टँडवर कुणी हात केला की आपण "बरं हाय ना?" म्हणत वेळ काढतो, तेच हे. ओळखीचं वाटणं अन् कोण-कुठला ते ठिकाण लागणं ही दोन वेगळी कामं हे म्हणणं तिथून जोर धरलं, काही अभ्यासक अजून मानत नाहीत ते सोडा.

ह्या दोन्हीतली तार तुटली की घोटाळा किती होतो ते ऑस्ट्रेलियात दिसलं. डोनाल्ड थॉमसन नावाच्या मानसशास्त्रज्ञाला एका बाईनं बलात्कारी म्हणून ओळखलं, पण बलात्कार झाला त्या वेळी तो टीव्हीवर लाइव्ह बोलायला होता. तिच्या घरी तोच कार्यक्रम चालू होता, चेहरा तिथून डोक्यात बसला अन् जोडला गेला भलतीकडं. (तो स्वतः साक्षीदारांच्या स्मरणशक्तीचाच अभ्यास करायचा, आता बोला.)

आपल्याकडं पोलिस आरोपीला तोंडावर कपडा टाकून नेतेत, त्याचं एक कारण हेच. ओळख परेडच्या आधी साक्षीदारानं तो चेहरा ठाण्यात नाहीतर पेपरात बघितला असला तर कोर्टात वकील पहिलं तेच धरून बसतो.